वेम्ब्लीचं घर आणि एक सही

प्रश्न : नमस्कार ताई. मी अडुसष्ट वर्षांची. १९८१ मध्ये लग्न होऊन इंग्लंडला आले. आधी साउथॉलला एका खोलीत होतो, १९८६ मध्ये वेम्ब्लीला स्वतःचं टेरेस्ड घर घेतलं. यजमान तीन वर्षांपूर्वी गेले. हे घर आणि कोथरूडचा फ्लॅट आता माझ्या नावावर आहे. मुलगा-सून दोन नातवंडांसह हॅरोला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात, दोघंही आयटीत आहेत. त्यांचं म्हणणं असं, की वेम्ब्लीचं घर विकून मिल्टन कीन्सला ग्रॅनी अ‍ॅनेक्स (आजीसाठी जोडून वेगळी जागा) असलेलं सात लाख पौंडांचं घर घ्यायचं. त्यात साडेपाच लाख माझे आणि दीड लाखाचं मॉर्गेज, म्हणजे गृहकर्ज, त्यांचं. बँकेला माझं वय चालत नाही, म्हणून कागदावर नावं त्या दोघांची. "नाहीतरी पुढे आमचंच आहे, आणि आत्ता दिलंस तर टॅक्स वाचेल," असं मुलगा म्हणतो. तो वाईट नाही हो. मुलगी मँचेस्टरला असते, तिचं काही म्हणणं नाही. माझं मन मात्र घेत नाही. म्हातारपणी मी हट्टी झालेय का?
— एक वेम्ब्लीकरीण

उत्तर :

ताई, मी तुमच्याहून चार वर्षांनी मोठी आणि इथे चार वर्षं आधी आलेली, तेव्हा थोडं हक्काने लिहिते. तुम्ही हट्टी झालेल्या नाहीत. तुमचं मन ज्या गोष्टीला अडतंय ती तुम्हाला नेमकी सापडलेली नाही, एवढंच. पत्र दुसऱ्यांदा वाचताना मला ती सापडली असं वाटतं. पण तिच्याकडे येण्याआधी मुलाची बाजू घेते, कारण पत्रात ती कुणी घेतलेली नाही.

तो लंडन सोडून निघालाय म्हणजे तुम्हाला सोडून निघालाय असं नाही. तुम्ही साउथॉल का सोडलंत? खोली एक, स्वयंपाकघर दोन बिऱ्हाडांत, आणि गॅसच्या मीटरात पन्नास पेन्सचं नाणं टाकल्याशिवाय पाणी तापत नसे. (तुमच्याकडे होता का तो मीटर? आमच्याकडे होता. नाण्यांचा डबा मी खिडकीत ठेवायचे आणि पाहुणे आले की तो हमखास रिकामा असायचा.) साउथॉलची माणसं पुढे हाउन्स्लोला, हेजला, स्लाउला गेली. वेम्ब्लीची हॅरोला, तिथून पिनरला, वॉटफर्डला. दर पिढीत एक-दोन स्टेशनं पुढे. तुमचा मुलगा ट्यूबचा, म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेचा, नकाशाच सोडून चाललाय, म्हणून ते जास्त टोचतंय. पण दोन मुलांना घेऊन दोन बेडरूममध्ये राहणाऱ्या माणसाने आणखी एका खोलीच्या शोधात लंडनबाहेर बघितलं, तर त्यात नवल काय?

फरक आहे तो दुसरीकडे. तुमच्या मुलाने घर शोधताना नकाशा उघडला असेल आणि हवं तिथे बोट ठेवलं असेल. आपल्याला तसं करता आलं नव्हतं. १९६८ चा रेस रिलेशन्स अ‍ॅक्ट येईपर्यंत या देशात 'रंगीत लोकांना खोली मिळणार नाही' अशी पाटी खिडकीत लावणं कायद्यात बसत होतं. आपण आलो तोवर पाट्या उतरल्या होत्या, पण १९८३ मध्ये आम्ही घर बघायला निघालो तेव्हा एका इस्टेट एजंटने माझ्यासमोर नकाशा पसरला आणि रेल्वेलाइनच्या पलीकडच्या भागावर मी बोट ठेवताच म्हणाला, "ती बाजू तुम्हाला लांब पडेल." कशापासून लांब, ते त्याने सांगितलं नाही. नंतर नकाशावर त्याचंच बोट फिरत राहिलं. आम्ही घर घेतलं ते त्या बोटाखालचं.

तरी आपण नाइलाजाने एकत्र राहिलो असं म्हटलं तर तेही अर्धंच खरं. १९७२ मध्ये युगांडातून हाकललेली भारतीय वंशाची हजारो कुटुंबं इथे आली तेव्हा सरकारच्या पुनर्वसन मंडळाने देशाचे लाल आणि हिरवे भाग पाडले होते. जिथे आपली माणसं आधीच बरीच आहेत ते लाल, तिथे जाऊ नका, हिरव्यात जा. लेस्टरच्या काउन्सिलने (नगरपालिकेने) तर युगांडाच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती, की आमच्याकडे येऊ नका. तरी लोक लेस्टरलाच गेले. मेव्हणा तिथे, कामाला लावणारा ओळखीचा तिथे, आजारपणात डबा आणून देणारी तिथे. सरकारच्या नकाशात डबा नव्हता.

वेम्ब्लीचं तुमचं घर म्हणजे हेच सगळं. मुलाला त्यात अरुंद जिना दिसतो, वरच्या मजल्यावरचं एकुलतं एक टॉयलेट दिसतं, आणि त्याला दिसतं ते काही खोटं नाही. तुम्ही मला घराबद्दल फारसं लिहिलंच नाहीत, म्हणून मीच विचारते : गेल्या आठवड्यात तुम्ही गाडीशिवाय कुठेकुठे गेलात? भाजीला ईलिंग रोडवर, देवळात, जीपीकडे (घरच्या डॉक्टरकडे), डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळात, कुणा मैत्रिणीकडे? कागद घ्या आणि लिहून काढा. प्रत्येकापुढे लिहा : चालत, बसने, ट्यूबने, की कुणी सोडलं. तुमचं वय आणि लंडनचा पत्ता यामुळे तुमच्याकडे फ्रीडम पास असणार. सकाळी नऊनंतर बस, ट्यूब, ओव्हरग्राउंड, सगळं फुकट. पत्ता मिल्टन कीन्सचा झाला की तो पास परत करायचा. त्याऐवजी इंग्लंडभर चालणारा बसचा पास मिळेल, पण तो बसपुरता, आणि कामाच्या दिवशी सकाळी साडेनऊनंतरचा. शिवाय मिल्टन कीन्स हे १९६७ मध्ये कागदावर आखून वसवायला घेतलेलं शहर आहे. मोठाले रस्ते, चौकाचौकाला राउंडअबाउट, आणि माणसाकडे गाडी असणार हे धरूनच सगळी अंतरं. चालणाऱ्यांसाठी लाल डांबराचे 'रेडवे' आहेत, झाडीतून जातात, मे महिन्यात फार छान वाटतात. डिसेंबरात दुपारी चारला अंधार पडल्यावर तुम्ही एकट्या तिथून चालाल का, ते तुम्हीच ठरवा.

तुम्ही गाडी चालवता का, हे पत्रात नाही. नसाल चालवत, तर अ‍ॅनेक्स कितीही सुंदर असला तरी बाहेर पडायला मुलगा किंवा सून घरी येण्याची वाट बघावी लागेल. हे मी भीती घालायला लिहीत नाही. माझी एक मैत्रीण अशाच घरात गेली. खोली मोठी, बाग मोठी, मुलगा-सून प्रेमळ. तिने मला फोनवर सांगितलं, "अगं, इथे मला कुणी काही बोलत नाही. म्हणजे खरंच, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा कुणीच काही बोलत नाही." ती वर्षभराने बस लागणाऱ्या रस्त्यावर वेगळ्या फ्लॅटमध्ये गेली. तिला जाता आलं, कारण पैसे तिच्या नावावर होते.

आता सहीकडे येते. तुमचं मन अडतंय ते इथे.

मुलगा म्हणतो कागदावर नावं आमची. ठीक. पण तेवढ्यावर भागत नाही. तुमचे साडेपाच लाख घरात येणार म्हटल्यावर बँक तुमच्याकडून एक पत्र मागेल, 'गिफ्टेड डिपॉझिट लेटर' म्हणतात त्याला. एक पानाचं असतं. त्यात तुम्ही लिहून द्यायचं, की ही रक्कम मी भेट म्हणून दिली आहे, ती मला परत नको आणि या घरात माझा कोणताही हक्क राहणार नाही. त्यावर, तुम्ही तिथे राहणार आणि मालक नाही, म्हणून आणखी एक फॉर्म येईल : हप्ते थकले आणि बँकेने घर ताब्यात घेतलं, तर मी आड येणार नाही. या दोन सह्यांनंतर ज्या घरात तुमचे साडेपाच आणि त्यांचे दीड, त्या घरात तुम्ही कायद्याच्या दृष्टीने पाहुण्या. मुलगा वाईट नाही, हे मी मान्य करते. पण नोकऱ्या जातात, संसार मोडतात, माणसं आजारी पडतात. उद्या त्या दोघांचं बिनसलं, तर तुमची भेट ही त्यांच्या संसाराची मालमत्ता म्हणून वाटणीत येऊ शकते. तुमच्या सुनेचा त्यात काही दोष नसेल, तिच्या वकिलाचं ते कामच असेल. आणि तुम्ही सत्तरीत घर शोधायला निघाल.

मग तुमचंही नाव घालू या, असं तो म्हणेल. 'टेनंट्स इन कॉमन' म्हणून हिस्से लिहून घर घेता येतं, आणि कोणाचा किती वाटा याचं 'डिक्लरेशन ऑफ ट्रस्ट' करता येतं. पण बहुतेक बँकांना मालकीतलं प्रत्येक नाव मॉर्गेजवरही लागतं, तिथे पुन्हा वय आडवं येतं. दीड लाखाचं मॉर्गेज नसतं तर ही वाट मोकळी होती, म्हणून विचारते, की त्यांची स्वतःची बचत किती आहे? पत्रात त्यांचे म्हणून फक्त कर्जाचे दीड लाख दिसतात.

टॅक्स वाचेल, हे आपल्या घराघरांत बोललं जातं आणि तुमच्या बाबतीत ते बहुधा खरं नाही. वारसा-करात तुमचे ३,२५,००० पौंड करमुक्त. यजमानांनी सगळं तुमच्या नावे ठेवलं असेल तर त्यांची न वापरलेली तेवढीच सवलत तुमच्या मागे वापरता येते. राहतं घर मुलांकडे जाणार असेल तर त्यापोटी प्रत्येकी १,७५,००० आणखी. बेरीज केली तर दहा लाख. कोथरूडचा फ्लॅटही हिशेबात धरावा लागतो, तरी तुम्ही त्या आकड्याच्या आतच असाल असं वाटतं. ज्यावर कर बसणारच नाही तो वाचवायला आत्ता घर देऊन टाकायचं कारण काय? यजमानांच्या वाट्याची सवलत मात्र आपोआप मिळत नाही, अर्ज करून मागावी लागते, म्हणून त्यांचं मृत्युपत्र, मृत्यूचा दाखला आणि प्रोबेटचे (मृत्युपत्राच्या कोर्ट-मंजुरीचे) कागद एका फायलीत ठेवा.

दुसरीकडे, भेट दिल्यावर सात वर्षं गेली की सगळं मोकळं, हा नियम वारसा-कराचा आहे. उद्या केअर होमची वेळ आली तर काउन्सिल वेगळा प्रश्न विचारतं : खर्च चुकवण्यासाठी मालमत्ता देऊन टाकली का? त्याला सात वर्षांची मर्यादा नाही.

आणि मुलगी. "तिचं काही म्हणणं नाही," असं तुम्ही एका ओळीत उरकलंत. तिला विचारलंत, की ती काही बोलली नाही? आपल्या मुली बोलत नाहीत, ताई. लहानपणी दुभाष्या म्हणून बँकेत, काउन्सिलमध्ये आपल्याबरोबर याच आलेल्या असतात, आणि वाटणीच्या वेळी याच गप्प बसतात. तुमचे साडेपाच लाख भावाच्या नावावर गेले की तिच्यासाठी मागे उरतो तो कोथरूडचा फ्लॅट, तोही मँचेस्टरमधून सांभाळायचा. तिला फोन करा. "तुझी हरकत आहे का" असं विचारू नका, त्याचं उत्तर नाही असंच येईल. आकडे सांगा आणि गप्प बसा.

मग मी काय करीन? मी एका घराच्या ऐवजी दोन दारं बघीन.

नातवंडांजवळ जायची तुमची इच्छा आहे, ती पत्रात दडलेली असली तरी दिसते. तर वेम्ब्ली विकायची तयारी ठेवा, पण मिल्टन कीन्सला तुमचं छोटं घर तुमच्या नावावर, रोख पैशांत घ्या. त्यांच्यापासून दहा मिनिटांवर, बसथांब्याजवळ, शक्यतो खालच्या मजल्यावर. समजा ते २,७५,००० ला मिळालं. जुनं राहतं घर विकून नवं राहतं घर घेताय, म्हणून कोथरूडचा फ्लॅट असूनही दुसरं घर घेणाऱ्याला लागणारी जादा पाच टक्के स्टॅम्प ड्यूटी तुम्हाला लागणार नाही. साधी ड्यूटी ३,७५० पौंड. मात्र क्रम चुकवू नका. वेम्ब्ली विकायच्या आधी नवं घेतलंत तर ते जादा १३,७५० आधी भरावे लागतील, आणि जुनं घर तीन वर्षांच्या आत विकलं तरच परत मागता येतील. (परदेशातलं घरही इथे मोजलं जातं, हे आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असतं. मुलाच्या नावावर कधी तिकडच्या घरात वाटा चढवला नाही ना, ते तपासा. चढवला असेल तर तो 'पहिल्यांदा घर घेणारा' राहत नाही.)

मुलाने त्याच्या मॉर्गेजवर त्याचं घर घ्यावं. पाच लाखांपर्यंतच्या घराला पहिल्यांदा घेणाऱ्याची सवलत आहे. ४,७५,००० चं घेतलं तर ड्यूटी ८,७५०. तुमची आणि त्याची मिळून १२,५००. सात लाखांच्या त्या एका घरावर २५,००० जाणार होते. हा हिशेब त्याला दाखवा, आयटीतला आहे, पटकन कळेल.

तुमच्याकडे उरलेल्या पैशांतून मुलाला आणि मुलीला सारखी रक्कम द्या, पंचाहत्तर-पंचाहत्तर हजार म्हणा. बाकीची तुमच्या म्हातारपणाला ठेवा. मुलाला हे आवडणार नाही, कारण दीड लाखाऐवजी तीन-चार लाखांचं कर्ज त्याच्या डोक्यावर येईल. त्याला सांगा, १९८९-९० मध्ये बँक ऑफ इंग्लंडचा दर पंधरा टक्क्यांना टेकला होता, तेव्हा त्याचे वडील घराचे हप्ते भरत होते. रागाने नको, गप्पांच्या ओघात.

आणि हे सगळं करायच्या आधी तिथे राहून बघा. वेम्ब्लीचं घर भाड्याने देऊन जाऊ नका. नव्या कायद्यात, म्हणजे मे २०२६ पासून, भाडेकरूला विनाकारण घर सोडायला सांगता येत नाही. मला स्वतःला राहायला हवंय म्हणून सांगायचं तरी पहिलं वर्ष जावं लागतं आणि चार महिन्यांची नोटीसही द्यावी लागते. त्यापेक्षा घर तसंच कुलूप लावून ठेवा आणि तीन महिने मिल्टन कीन्सला एखादी खोली किंवा छोटा फ्लॅट घ्या. उन्हाळ्यात नको, नोव्हेंबर ते जानेवारी. मुलाकडे गाडीने सोड म्हणून महिनाभर एकदाही म्हणायचं नाही. वेम्ब्लीत काढलेली ती यादी बरोबर न्या आणि त्यातल्या किती ओळी तिथे जमतात ते बघा.

नाहीच जमलं तर वेम्ब्लीत राहा. जिन्याला स्टेअरलिफ्ट, खाली शॉवर, यासाठी काउन्सिलकडून 'डिसेबल्ड फॅसिलिटीज ग्रँट' (अपंगांसाठीचं अनुदान) मिळू शकते, इंग्लंडमध्ये कमाल ३०,००० पौंड. ती उत्पन्न आणि बचत बघून ठरते, राहत्या घराची किंमत त्यात धरत नाहीत. एकटेपणा खात असेल तर वरची खोली एखाद्या विद्यार्थिनीला द्या. राहत्या घरातली सामानासकट खोली दिली तर वर्षाला ७,५०० पौंडांपर्यंतच्या भाड्यावर कर नाही. तिला इथे राहायचा आणि भाड्याने घ्यायचा हक्क आहे की नाही, ते कागद बघायचं काम कायद्याने तुमचं. आपण साउथॉलला खोली मागायला गेलो तेव्हा निदान हे तरी कुणी विचारत नव्हतं.

मुलाशी बोलण्याआधी स्वतःच्या सॉलिसिटरला (वकिलाला) भेटा. मुलाने ठरवलेला नको, त्याच्या ओळखीतलाही नको. तो भला असेल, पण तो मुलाचा सॉलिसिटर असेल. आधी एज यूके या ज्येष्ठांच्या संस्थेला फोन करा, सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसला विचारा, दोन्हीकडे सल्ल्याचे पैसे पडत नाहीत. त्या गिफ्टच्या पत्राचा नमुना मागा आणि आत्ता, सहीची घाई नसताना, घरी बसून वाचा.

भेटीच्या दिवशी "आई, मी सोडतो" असं मुलगा म्हणेल. नको म्हणा. ट्यूबने जा, पास आहे तोवर.